टोपीवालीचा शब्द

२५ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. पत्र लिहायला निवांतपणा लागतो असं तूच म्हणतोस. इथे निवांतपणा इतका आहे की त्यातून उठवत नाही. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही. मी ओरडते, तू नुसतं 'हो हो' म्हणतोस, आणि इकडे मुलगा, सून, नात तिघंही माझ्याकडे बघत बसतात. त्यापेक्षा हे बरं.

हे गेल्यावर मुलगा मला इथे परदेशात घेऊन आला, त्याला आता दीड वर्ष होईल. पावणेसातला सूनबाई निघते, सातला मुलगा, आठला नातीची शाळेची बस. दार लागलं की संध्याकाळी पाचपर्यंत मी आणि घर. तक्रार नाही. धुण्याला मशीन आहे, भांड्यांना मशीन आहे. मला काम म्हणून उरलं नाही, मग मी बोलते. कोणाला सांगू नकोस, पण मोठ्यानं बोलते. 'चष्मा कुठे ठेवलास गं बाई', 'आता हे फडकं वाळत घालू या', असं काहीतरी. कधी यांच्याशी बोलते, कधी तुझ्याशी भांडते. भिंती मात्र इतक्या पातळ आहेत की पलीकडचं कपाट उघडलं तरी मला कळतं.

पलीकडे एक बाई एकटी राहते. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आली तरी डोक्यावर विणलेली टोपी असते, म्हणून मी मनातल्या मनात तिला टोपीवाली म्हणते. पूर्वी बस चालवायची म्हणे, नात सांगत होती. आजवर आमचं मान हलवण्यापलीकडे काही नव्हतं. परवा तिनं बेल वाजवली. दारात उभी राहून भराभरा बोलली. मला त्यातलं 'यू', 'थर्सडे' आणि 'फॉर अ नॅटर' एवढंच कळलं. नॅटर दोनदा आलं. बोलताना तिनं बोटानं मधली भिंत दाखवली, मग स्वतःचा कान, मग मला. मी 'यस यस' म्हटलं आणि दार लावलं. मग आतून कडीही घातली.

घरात विचारता येत नाही. मागे एकदा एक शब्द विचारला तर नात खुदकन हसली. आणि समज, ही तक्रारच असली, तर आई दिवसभर एकटी बोलते हे सगळ्यांना कळेल. मुलगा लगेच डॉक्टरकडे नेईल. तू चौतीस वर्षं कोर्टात भाषांतरं केलीस. तूच सांग, नॅटर म्हणजे काय?

तुझी,
ताई

ता. क. तुझ्या ओळी हल्ली उजवीकडे घसरतात. कागदाखाली रेघांचा कागद घेत जा.


५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. शब्द विचारलास, बरं वाटलं. निवृत्त माणसाला तब्येत सगळे विचारतात, शब्द कोणी विचारत नाही.

नॅटर हे क्रियापद आहे. कागदोपत्री सापडायचं नाही, घरगुती बोलण्यातलं आहे. अर्थ असा: कुरकुर करणे, पिरपिर करणे, तोंडाचा पट्टा चालू ठेवणे. नॅग म्हणून एक शब्द आहे, त्याची ही चुलत बहीण. फरक इतकाच, की नॅग म्हणजे कोणाच्या तरी मागे टुमणं लावणं. नॅटर करायला समोर माणूस असलाच पाहिजे असं नाही. माझ्याकडे एका खटल्यात हा शब्द आला होता. साक्षीदार बाई सासूबद्दल म्हणाली होती, 'शी नॅटर्स ऑल डे.' मी लिहिलं, 'तिची दिवसभर पिरपिर चालते.' मोठे साहेब सहसा मान वर करत नसत, त्या दिवशी त्यांनी केली.

तेव्हा भिंत, कान आणि तू, असा पुरावा आहे. तुझ्या बोलण्याचा तिला त्रास होतो आणि गुरुवारी तिला त्याचा सोक्षमोक्ष लावायचा आहे. माझा सल्ला विचारशील तर जाऊ नकोस. भाषा येत नसताना भांडायला जाणं म्हणजे हातपाय बांधून पोहायला उतरणं. आवाज खाली ठेव म्हणजे झालं.

माझं छान चाललंय. सकाळी लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, संध्याकाळी आम्ही चौघं बाकावर बसतो. दिवस कसा जातो कळत नाही. एकटेपण वगैरे मला ठाऊक नाही. ओळी घसरतात त्या टेबलाचा एक पाय आखूड आहे म्हणून.

तुझा,
धाकटा


२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझा सल्ला तंतोतंत पाळला. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून एकटी असताना मी घरात एक शब्द बोलत नाही. पहिले दोन दिवस जड गेले. भांडं हातातून निसटलं तर तोंडातून 'अगं बाई' निघायचं, मग मीच तोंडावर हात ठेवायची. घरात पायमोजे घालून चालते. खुर्ची ओढायची तर उचलून ठेवते. परवा नातीनं विचारलं, "आजी, तुझा आवाज असा का झालाय?" म्हटलं, घसा बसला. खोटं नव्हतं ते. वापरला नाही की बसतो.

मी जात नाही असं पाहून टोपीवाली स्वतःच गुरुवारी अकरा वाजता आली. बेल वाजवली. मी दाराला आतून टेकून उभी होते. तिनं पुन्हा वाजवली. मग दाराशी तोंड आणून काहीतरी म्हणाली, रागानं नव्हे, साधंच. मला तर श्वास घ्यायचीसुद्धा चोरी. ती गेल्यावर मी तिथेच पायपुसण्यावर बसले. लहानपणी आपण वाण्याच्या दाराला कडी घालून पळायचो, तसं वाटलं. फक्त मला पळायला जागा नव्हती.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. तिसऱ्या गुरुवारी, म्हणजे आज, बेल वाजली नाही. पत्रांच्या फटीतून चिठ्ठी आत आली. जोडून लिहिलेली अक्षरं आहेत, मला लावता येत नाहीत. मला छापील तेवढं समजतं. मुलाला दाखवली तर प्रकरण वाढेल, म्हणून यासोबत तुलाच पाठवते. काय लिहिलंय ते नीट कळव. पोलिसांबिलिसांचं काही असलं तरी लपवू नकोस.

एक विचारायचं होतं. माझं बोलणं पिरपिरीसारखं ऐकू येतं का रे? हे असताना कधी म्हणाले नाहीत. पण ते कधीच काही म्हणत नसत.

ताई


१६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. नमस्कार.

चिठ्ठी पोचली. बाईचं अक्षर गिचमिड आहे आणि प्रवासात शाई पसरलेली दिसते. सवडीनं लावून कळवतो. एकंदर मजकूर तक्रारीचाच वाटतो. तू घाबरू नकोस. मी सांगितलं तसं वाग.

इकडे सगळं ठीक. बाकावर आता गारवा असतो.

धाकटा


२९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. बाकावर गारवा असतो हे मी इतक्या लांबून विचारलं नव्हतं.

टोपीवालीच्या घरावर काल पाटी लागली. 'फॉर सेल' मला वाचता येतं. आज एक माणूस येऊन खोल्या मोजून गेला, भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. मधे महिनाभर ती बाहेर दिसली की मी पडदा ओढायचे. आज ओढला नाही. तिनं वर पाहिलं. हात हलवावा की नाही, अशी घुटमळली आणि आत गेली.

माझ्यामुळे जातेय का ती? मी तर सहा आठवडे तोंड उघडलेलं नाही. धाकट्या, चिठ्ठीत काय आहे ते आता सांग. शाई पसरलेली नव्हती. मी स्वतः घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून पाकीट चिकटवलं होतं.

ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. नमस्कार.

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितोय.

शाई पसरलेली नव्हती. मला चिठ्ठी वाचताच आली नाही. वर्षभर दिसणं कमी कमी होत चाललंय. तुझं अक्षर मोठं आहे, ते भरदुपारी खिडकीत बसून भिंगाखाली जमतं. बारीक अक्षर नुसतं मुंग्यांसारखं दिसतं. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा डिक्शनरी काढून टेबलावर ठेवली. उघडली. पान धुरकट दिसलं, ओळ सापडेना. 'मला वाचता येत नाही, मी कोणाकडून तरी विचारून कळवतो', एवढं लिहायला काय हरकत होती? पण मला ते लिहवेना. चौतीस वर्षं ज्या हातानं दुसऱ्यांचं बोलणं भाषांतरित केलं, त्या हातानं आठवेल ते लिहून दिलं. त्या साक्षीदार बाईच्या सासूचं तुझ्या माथी मारलं.

परवा तुझं पत्र आलं आणि मी चिठ्ठी घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलो. म्हटलं, मोठ्या नंबरची काच द्या, हे वाचायचंय. दुकानदारानं माझ्या डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाला, "काका, काचेचं काम संपलं. दोन्ही मोतीबिंदू पिकलेत. कधीपासून असे हिंडताय?" मी म्हटलं, ते राहू द्या, आधी हे वाचा. त्याला इंग्रजी बेताचं, पण माझ्या कानाशी एकेक शब्द मोठ्यानं वाचून दाखवत गेला. गिऱ्हाईक ताटकळलं होतं, तरी दोनदा वाचून दाखवलं. मजकूर असा आहे. भाषांतर माझं. या वेळी एकेक शब्द त्याला फोनवर बघायला लावून तपासलाय.

'प्रिय शेजारीण, मी घाईत बोलते, त्यामुळे तुम्हाला कळलं नसावं. दर गुरुवारी सकाळी मी मोकळी असते. माझ्याकडे घटकाभर गप्पा मारायला याल का? भाषेचं काय ते बघून घेऊ. माझे यजमान गेल्यापासून या घरात आवाज नाही. तुम्ही दिवसभर बोलता ते मला भिंतीतून ऐकू येतं, कळत काही नाही, पण सोबत वाटते. मी सकाळचा चहा मुद्दाम त्या बाजूला बसून घेते. गेले काही दिवस तुमचा आवाज येत नाही. बरं आहे ना तुम्हाला? काही लागलं तर भिंतीवर ठोका.'

नॅटर म्हणजे घटकाभर बसून गप्पा मारणं. सुखदुःखाचं बोलणं. जुन्या काळी कुरकुर हाही अर्थ होता, आजही कुठे असेल. पण तू तर मला 'फॉर अ नॅटर' असं स्पष्ट लिहिलं होतंस. कोणी कोणाला कुरकुर करायला बोलावत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी फक्त एक शब्द उचलला आणि बाकीचं वाक्य सोडून दिलं. नोकरीत असं कोणी केलं असतं तर मी त्याला टेबलावरून उठवलं असतं.

आणखी दोन गोष्टी. अर्ज लिहून घ्यायला लोक यायचे ते तीन वर्षांपूर्वी. आता कोणी येत नाही. बाकावरच्या चौघांतला मी एकटा राहिलोय. चष्मेवाल्यानं सांगितलं म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. ते म्हणाले, ऑपरेशन सोपं आहे, पण नंतर महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब घालायला माणूस हवा, घरी कोण आहे? मी म्हटलं, बघून सांगतो. आणि घरी आलो.

माफ कर असं लिहायचं धाडस होत नाही. तू आधी तिच्याकडे जा.

धाकटा


२६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी दुपारी आलं. दारातच उभ्यानं वाचलं. गुरुवारची वाट पाहिली नाही. घरातल्या चपलांनी तशीच गेले आणि बेल वाजवली.

टोपीवालीनं दार उघडलं. मी वाटेत 'सॉरी' घोकलं होतं, तेवढं म्हटलं. मग मराठीतच सुटले. म्हटलं, "बाई, मी मूर्ख आणि माझा भाऊ माझ्याहून मूर्ख. तुम्ही बोलावत होता आणि मी दाराआड लपत होते." तिला एक अक्षर कळलं नाही. तिनं माझा हात धरून मला आत नेलं. घरभर खोकी. पेपरात गुंडाळलेल्या बश्या. बसायला एकच खुर्ची मोकळी होती, ती मला दिली आणि स्वतः खोक्यावर बसली. खोकं खाली दबलं तशी ती हसली, मग मीही हसले.

दोन तास बसलो. ती तिच्या भाषेत बोलली, मी माझ्या. सून माझ्याशी हळूहळू, सोपं करून बोलते, तसं तिनं केलं नाही. मला काय कळलं ते सांगते. नवरा तिच्या शेजारी झोपेत गेला. तिला सकाळी कळलं. गुडघा दुखतो, जिना चढवत नाही. मुलगी लांब राहते, ती घेऊन चालली आहे. म्हणजे घर विकायचं कारण मी नव्हते, मी गप्प होण्याच्या आधीच ते ठरलं होतं. मग मी यांचं सांगितलं. दवाखान्यात शेवटचे नऊ दिवस मी बाकड्यावर बसून होते आणि आत जाऊ द्यायचे तेव्हा बोलायला काही सुचायचं नाही, म्हणून यांना रोजच्या भाज्यांचे भाव सांगत होते, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तुलासुद्धा नाही. तिला सांगितलं. तिनं मधे काही विचारलं नाही. विचारणार तरी कशी?

गुरुवारी पुन्हा गेले, सकाळी अकराला, ती बोलवायची त्याच वेळी. ती मला बस कशी चालवायची ते हातवारे करून दाखवत होती. शनिवारी टेम्पो आला. म्हणजे आम्हाला मिळाले दोन दिवस. मिळू शकले असते ते मी बोटांवर मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं.

तुझ्यावर राग आला. तो गेला असं मी लिहिणार नाही, कारण गेला नाही. अर्थ चुकला त्याचा नव्हे. चुकतो माणूस. पण मी विचारलं होतं, माझं बोलणं पिरपिरीसारखं वाटतं का, आणि त्याला तू उत्तरच दिलं नाहीस.

शनिवारी निघताना तिच्या मुलीनं नवा पत्ता कागदावर लिहून माझ्या मुलाच्या हातात दिला. तो बघतच राहिला. "आई, तू यांना कधीपासून ओळखतेस?" म्हणाला. घरात आल्यावर त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. आठ ते पाचचं, मोठ्यानं बोलण्याचं, पायमोज्यांचं, दाराआडचं. तुझ्या डोळ्यांचंही. तो डॉक्टरचं नाव काढील असं मला वाटलं होतं. ते काढलंच नाही. एवढंच म्हणाला, "मला वाटायचं, घरी आल्यावर तू थकलेली असतेस, म्हणून गप्प असतेस." सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पाणी आणून दिलं आणि माझ्याजवळ बसली. नातीला मी स्वतःच नॅटरचा अर्थ सांगितला. तिला माहीत नव्हता.

आता मुद्द्याचं. घरी कोण आहे, असं डॉक्टरांनी विचारलं ना? त्यांना सांग, थोरली बहीण आहे. तुझ्या भाच्यानं काल तिकीट काढलं. मी नऊ तारखेला निघते. थेंब चार वेळा घालायचे असोत की चाळीस वेळा, मला इथे तरी दुसरं काय काम आहे? महिना म्हणाले आहेत, मी दोन राहीन. तुझ्या कानांचंही बघू. तोवर मी ओरडेन, आणि तिथे ओरडताना माझ्याकडे बघणारं कोणी नाही.

हे पत्र कोणाकडून तरी वाचून घे. आता लाजू नकोस, त्या चष्मेवाल्याकडेच जा. आणि तिथून तसाच डॉक्टरांकडे जाऊन पंधरा तारखेनंतरची ऑपरेशनची वेळ घे.

उत्तर लिहीत बसू नकोस. ते इथे पोचेल तेव्हा मी तुझ्याकडे असेन.

तुझी,
ताई